इंग्लंडातील औषधांच्या बरण्या आणि त्या घडविणारे अनामिक कुंभार

आपल्या स्मरणिकेत समाजाचा पूर्वेतिहास, संतचरित्रे आणि व्यवसायाची सद्यःस्थिती यांवर लेख येतातच. यंदा दूरदेशीच्या आपल्या व्यवसायबंधूंची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हे लोक आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या धर्माचे वा भाषेचेही नव्हेत. परंतु ज्याचे हात चिखलाने माखतात आणि ज्याचे पोट आव्याच्या आगीवर अवलंबून असते, तो कोठलाही असला तरी त्याचे सुखदुःख आपणांस परके वाटू नये.

लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीच्या संग्रहालयात सतराव्या व अठराव्या शतकांतील औषधांच्या मातीच्या बरण्या जतन करून ठेविलेल्या आहेत. पांढऱ्याशुभ्र, किंचित निळसर झाक असलेल्या पृष्ठभागावर निळ्या रंगाची नक्षी आणि तिच्या मधोमध लॅटिन भाषेत औषधाचे नाव, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. काही बरण्यांवर वर्ष घातलेले आढळते, तर काहींवर दुकानदाराच्या नावाची आद्याक्षरे. औषधाचे नाव कळते, मालकाचा माग लागतो. परंतु जिच्यावर हे सारे लिहिले ती बरणी ज्याने चाकावर घडविली, त्या कुंभाराचे नाव तीवर बहुधा नसतेच. हे असे का झाले, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, हाच या लेखाचा विषय आहे.

कथलाची झिलई व तिचा प्रवास

साधे भाजलेले मडके पाणी झिरपू देते. माठातील पाणी गार राहते ते याच गुणामुळे. परंतु हाच गुण तेल, मलम किंवा साखरेचा पाक ठेवावयाचा झाल्यास दोष ठरतो. कारण औषध मातीत मुरते, बाहेर पाझरते आणि नासते. म्हणून अशा भांड्यास काचेसारखा लेप, म्हणजे झिलई, द्यावी लागते. नुसत्या शिशाची झिलई पारदर्शक असते व तिच्याखालील मातीचा रंग दिसत राहतो. तीत कथलाचे भस्म मिसळले की ती दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करताना जे कथील वापरतात तेच हे कथील. फरक एवढाच की, येथे ते धातुरूपाने न लावता शिशाबरोबर भट्टीत जाळून, त्याची राख करून, वाळू व क्षार यांच्यासह काचेत मुरविले जाते.

ही युक्ती प्रथम साधली ती इराकातील कुंभारांना, इसवी सनाच्या नवव्या शतकात. चीन देशातील पांढरी भांडी समुद्रमार्गे तेथे येत आणि श्रीमंतांच्या घरी मानाने मिरवत. चिनी कुंभारांपाशी असलेली पांढरी माती बसऱ्याच्या कुंभारांपाशी नव्हती. मग त्यांनी आपल्याच पिवळट मातीच्या भांड्यास पांढऱ्या झिलईचे वस्त्र नेसविले. जे निसर्गाने दिले नाही ते बुद्धीने मिळविले, असेच म्हटले पाहिजे.

तेथून ही विद्या मुसलमानी राज्यांतून स्पेनमध्ये आणि स्पेनमधून इटलीत गेली. इटलीत तिला मायोलिका हे नाव मिळाले. सोळाव्या शतकाच्या आरंभी कास्तेल दुरांते या गावचा ग्विदो दि साविनो नावाचा कुंभार इटली सोडून आजच्या बेल्जियममधील अँटवर्प या भरभराटीच्या बंदरात जाऊन स्थायिक झाला व तेथे ग्विदो अँड्रीस या नावाने ओळखला जाऊ लागला. हे आपणांस कळते ते एका लेखनिष्ठ माणसामुळे. त्याच कास्तेल दुरांतेच्या चिप्रियानो पिकोल्पास्सो याने १५५७ च्या सुमारास कुंभारांच्या कलेवर एक सचित्र ग्रंथ लिहून ठेविला. माती कोठून काढावी, चाक कसे असावे, झिलईत कोणते द्रव्य किती घालावे, भट्टी कशी रचावी, हे सारे त्यात आहे. आणि ग्विदोने ही कला अँटवर्पला नेल्याची नोंदही आहे. ते हस्तलिखित आज वर उल्लेखिलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिकोल्पास्सोने लेखणी उचलली नसती, तर ग्विदोच्या स्थलांतराची ही साक्ष आपणांस मिळाली नसती.

अँटवर्पहून इंग्लंडात

अँटवर्प तेव्हा स्पेनच्या राजाच्या अंमलाखाली होते. राजा कॅथॉलिक आणि शहरातील पुष्कळ कारागीर सुधारणावादी प्रॉटेस्टंट पंथाचे. १५६६ मध्ये तेथील चर्चमधील मूर्ती फोडल्या गेल्या. १५६७ मध्ये आल्बाचा ड्यूक सैन्य घेऊन बंदोबस्तास आला आणि छळास ऊत आला. त्याच १५६७ च्या सुमारास जॅस्पर अँड्रीस आणि जेकब जॅन्सन हे दोन कुंभार अँटवर्प सोडून इंग्लंडातील नॉर्विच या गावी आले. जॅस्पर हा ग्विदोच्याच घराण्यातील. नॉर्विचच्या नगरकारभाऱ्यांनी तत्पूर्वी दोनच वर्षे परदेशी विणकरांना बोलावून वसविले होते, त्यामुळे परक्यांना तेथे आसरा होता. या दोघांनी तेथे फरशा व औषधविक्यांसाठी भांडी करण्याचा धंदा मांडला. इंग्लंडातील औषधी बरण्यांच्या इतिहासाचा आरंभ हा असा दोन निर्वासित कुंभारांपासून होतो.

येथे आपल्या भूमीशी निगडित असा एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला व तेथेच राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि तो प्रसिद्ध झाला अँटवर्प येथील प्लांटिनच्या छापखान्यातून, १५६७ मध्ये! म्हणजे ज्या शहरातून औषधांच्या बरण्या घडविणारे हात परागंदा होत होते, त्याच शहरातून, त्याच सुमारास, आपल्या कोकण-मलबारातील औषधींची माहिती साऱ्या युरोपात जात होती. ओर्ता हा मूळच्या ज्यू घराण्यातला होता. १५६८ मध्ये तो निवर्तला आणि पुढे १५८० मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळविल्या. औषधाचा ग्रंथकार आणि औषधाच्या भांड्याचे कर्ते, दोघांवरही एकाच प्रकारच्या असहिष्णुतेची कुऱ्हाड पडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१५७० मध्ये या दोन कुंभारांनी इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्याकडे अर्ज केला. ही विद्या या राज्यात आम्हीच प्रथम आणली, येथे योग्य द्रव्ये शोधून काढण्यास आम्हांस मोठा खर्च सोसावा लागला, तरी लंडन येथे नदीकाठी आम्हांस जागा मिळावी, असा त्याचा आशय होता. जॉन स्टो याच्या लंडनवर्णनाची जी वाढविलेली आवृत्ती जॉन स्ट्राइप याने १७२० मध्ये छापली, तीत ही हकीकत आलेली आहे. पुढे जॅन्सन लंडनमधील ऑल्डगेट भागात राहू लागला आणि त्याच्याभोवती इतरही फ्लेमिश कुंभार जमले. नदीकाठची जागा मागण्यातील धोरण कुंभारास समजावून सांगावयास नको. माती, सरपण व कथील जलमार्गाने यावयाचे आणि फुटण्याजोगा पक्का माल नावेतूनच सुखरूप जावयाचा.

घडण

या बरण्यांची घडण कशी होई, हे जाणून घेण्याची जिज्ञासा आपल्या वाचकांस साहजिकच असेल. या झिलईस चुन्याचा अंश असलेली माती लागते. एरवी भाजल्यावर झिलई तडकते किंवा पोपडे धरून सुटते. अशी माती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून लंडनच्या भट्ट्यांसाठी नावांतून आणीत. ती इतर मातीत मिसळून, पाण्यात कालवून, गाळून, सुकवून, मग तुडवून चाकावर घेत. कथील कॉर्नवॉल परगण्यातील खाणींचे, तर निळ्या रंगासाठी लागणारे कोबाल्ट जर्मनीतील सॅक्सनीचे.

बरणी चाकावरून उतरून सुकली की तिला एकदा भाजीत. नंतर ती पातळ झिलईत बुडवीत. भाजलेली सच्छिद्र माती पाणी झटकन शोषून घेते आणि वर पांढऱ्या पिठाचा थर राहतो. या कोरड्या, नाजूक थरावर कुंचल्याने नक्षी व अक्षरे काढावयाची. टेकविलेला रंग तत्काळ आत जिरतो. तो पुसता येत नाही की सुधारता येत नाही. म्हणून येथे हात सरावाचा व निःशंक लागे. निळ्याखेरीज जांभळा, हिरवा, पिवळा व तांबूस हेही रंग वापरीत; परंतु औषधी बरण्यांवर निळ्याचेच राज्य दिसते. रंगविलेली बरणी आगीचा लोळ व राख थेट लागू नये म्हणून मातीच्याच पेटीत ठेवून दुसऱ्यांदा भाजीत. काही बरण्यांवर लॅटिन शब्दांची अक्षरे चुकलेली आढळतात. चितारणाऱ्यास ती भाषा येत नसावी. समोर ठेवलेल्या चिठ्ठीवरून तो अक्षरांची चित्रेच काढीत असावा.

या शुभ्र झिलईची एक काळी बाजूही आहे. शिसे जाळताना, दळताना व हाताळताना त्याचे विष कारागिराच्या अंगात भिनते. इटलीतील रामात्सिनी या वैद्याने १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात झिलई करणाऱ्या कुंभारांचे हात प्रथम कापू लागतात, मग लुळे पडतात, दात पडतात आणि चेहरा निस्तेज होतो, असे त्याने नोंदविले आहे. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी भांडी घडविणाऱ्यांच्या वाट्यास असा रोग यावा, हा दैवदुर्विलासच होय.

दुकानातील फळीवर

आरंभीच्या बरण्यांवर नाव नसे. निळ्या, जांभळ्या वा पिवळ्या पट्ट्या आणि साधी भौमितिक नक्षी, एवढेच. त्यांच्या जोडीस मलमाची लहान बोळकी फार मोठ्या संख्येने होत. त्यांना तिकडे गॅलिपॉट म्हणत. भूमध्य समुद्रावरील गॅली नावाच्या जहाजांतून असा माल प्रथम आला, त्यावरून हे नाव पडले असावे असे मानतात. अशी बोळकी लंडनच्या जमिनीत आजही सापडतात. या मालास पुढे हॉलंडमधील डेल्फ्ट शहरावरून डेल्फ्ट असे नाव पडले. वस्तुतः डेल्फ्टची कीर्ती होण्यापूर्वीच इंग्लंडात हा धंदा सुरू झालेला होता. म्हणजे या कुंभारांच्या मालासही दुसऱ्याच गावाचे नाव चिकटले.

औषधे तयार करून विकणाऱ्यास तिकडे अपॉथेकरी म्हणत. हे लोक किराणा व मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघात मोडत. आपली विद्या वेगळी असता आपण वाण्यांच्या पंगतीत का बसावे, असा प्रश्न त्यांना पडला. गिडिअन द लोन हा फ्रान्समधून आलेल्या निर्वासित घराण्यातील अपॉथेकरी त्यांत पुढाकार घेणारा होता. खटपटीअंती ६ डिसेंबर १६१७ रोजी राजा जेम्स याने त्यांना स्वतंत्र संस्थेची सनद दिली. पुढच्याच वर्षी, १६१८ मध्ये, वैद्यांच्या महाविद्यालयाने लंडनचा औषधिकोश प्रसिद्ध केला. संस्थेचे मानचिन्हही ठरले: सर्पास जिंकणारा अपोलो देव व शिरोभागी गेंडा. हे चिन्ह काढलेल्या झिलईच्या फरशा दुकानांत असत. त्यांवर औषधाच्या गोळ्या वळता येत. परंतु टांगण्यासाठी पाडलेली भोके पाहता पुष्कळशा दुकानाची शोभा म्हणूनच मिरवत असाव्यात.

औषधे ठरली आणि त्यांची नावे ठरली, तशी सतराव्या शतकाच्या मध्यापासून बरण्यांवर नावे घालण्याची चाल रूढ झाली. बरण्यांचे मुख्य प्रकार दोन. सुकी व घट्ट औषधे ठेवण्यासाठी उभट, नळकांड्यासारखी बरणी. आणि पाक व तेले यांसाठी गोल पोटाची, बैठकीवर उभी असलेली, मागे कान व पुढे तोटी असलेली बरणी. उभट बरणीच्या तोंडास बाहेर वळलेला काठ असे. तिला झाकण नसे. चामड्याचा पातळ तुकडा वा कापड तोंडावर घालून काठाखाली दोरीने आवळीत. लोणच्याच्या बरणीस दादरा बांधणाऱ्या आपल्या आजीबाईंना ही रीत मुळीच नवी वाटली नसती.

नावापूर्वी एखादे अक्षर घातलेले असे. त्यावरून अवलेह, पाक, तेल, मलम की मुरंबा, ते ओळखावयाचे. भोवती कधी पंख पसरलेल्या देवदूतांची मुखे, कधी मोर, कधी गाणारे पक्षी, कधी शिंपला. या बरण्यांवरील एक नेहमीचे नाव तांबड्या गुलाबाच्या मुरंब्याचे असे. म्हणजे आपला गुलकंदच. दुसरे एका सौम्य रेचक अवलेहाचे. त्यात सोनामुखी, चिंच आणि बाहव्याच्या शेंगेतील मगज पडत असे. चिंचेचे युरोपीय नावच मुळी हिंदी खजूर या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेले आहे. इराकी कुंभाराची युक्ती, इटालियन घडण, फ्लेमिश हात, इंग्रजी कथील, जर्मन निळा रंग आणि आत हिंदुस्थानची चिंच! एका बरणीत एवढे जग सामावलेले होते.

उत्कर्ष व ऱ्हास

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा धंदा थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर साउथवर्क येथे रुजला. तेथील पिकलहेरिंग या जागी ख्रिस्तियन विल्हेल्म हा जर्मन प्रदेशातून आलेला गृहस्थ सिरका व निळा रंग तयार करीत असे. त्याने भट्टी घातली आणि १६२८ मध्ये चौदा वर्षांचा राजपरवाना मिळविला. पुढे शेजारच्या लँबेथमध्ये भट्ट्या झाल्या. साउथवर्कचे कुंभार पश्चिमेस ब्रिस्टलजवळच्या ब्रिस्लिंग्टन येथे गेले. त्यानंतर लिव्हरपूल आणि १७४८ मध्ये ग्लासगो येथेही हा उद्योग सुरू झाला. सुमारे दीड शतक त्याची भरभराट होती.

परंतु या झिलईत एक उणीव होती. ती ठिसूळ असल्याने तिचे टवके उडत आणि कढत पाणी तिला सोसत नसे. चहा-कॉफीचा प्रसार होताच ही उणीव जाणवू लागली. त्याच सुमारास स्टॅफर्डशायरमध्ये, पिढीजात कुंभाराच्या घरात १७३० मध्ये जन्मलेला जोसाया वेजवुड पुढे आला. त्याने अंगचीच साईच्या रंगाची, पातळ व टिकाऊ भांडी सिद्ध केली. १७६५ मध्ये राणी शार्लट हिने त्यांची मागणी केली आणि तो माल राणीच्या नावाने खपू लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कथलाच्या झिलईच्या बहुतेक भट्ट्या विझल्या. फळीवर स्वस्थ बसणाऱ्या औषधी बरण्या व मलमाची बोळकी यांनी तेवढा थोडा अधिक तग धरला. पुढे काचेच्या बाटल्यांनी तीही जागा घेतली.

वेजवुडचे यश नुसत्या हस्तकौशल्याचे नव्हते. त्याने केलेल्या हजारो प्रयोगांची तो क्रमांक घालून नोंद ठेवीत असे: कोणती माती, कोणते द्रव्य, किती प्रमाण, भट्टीत कोणती जागा, फळ काय. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी त्याने १७८२ मध्ये एक मापक शोधून काढले आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यास सभासद करून घेतले. आणि आपल्या भांड्यांवर तो स्वतःचे नाव ठसवीत असे.

आपणांसाठी बोध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या इतिहासात ज्यांची नावे उरली ते कोण? ग्विदो, कारण त्याच्याविषयी पिकोल्पास्सोने लिहिले. अँड्रीस व जॅन्सन, कारण त्यांनी अर्ज केला. विल्हेल्म, कारण त्याने परवाना घेतला. अपॉथेकरी, कारण त्यांनी संस्था काढली, सनद मिळविली व दप्तर ठेविले. वेजवुड, कारण त्याने नोंदी केल्या व नाव ठसविले. आणि ज्या शेकडो कारागिरांनी दीडदोनशे वर्षे मोर, देवदूत व अक्षरे चितारली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा माग काढावयाचा तर संशोधकांना चर्चची जन्ममृत्यूची पुस्तके चाळावी लागतात. त्यांच्या कामाची साक्ष शोधावयाची तर साउथवर्क व लँबेथच्या जमिनीतून भट्टीत नासलेल्या मालाचे ढीग उपसावे लागतात. त्यांचे कौशल्य कमी नव्हते. नोंद नव्हती, एवढेच.

आपल्याकडे निराळे काय आहे? माझे आजोबा माती जिभेस लावून, तीत वाळू किती व राख किती मिसळावी ते सांगत, आणि आव्याच्या धुराचा रंग पाहून केव्हा थांबावयाचे ते ठरवीत. त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. ते गेले त्या दिवशी ते ज्ञानही गेले. कारण आम्हां शिकलेल्या नातवंडांपैकी कोणासही ते लिहून घ्यावे असे सुचले नाही. ही खंत माझ्या एकट्याची नसावी. धातू आणि प्लॅस्टिकने आपल्या मडक्याची जागा घेतली याचे दुःख आपण सभांतून बोलून दाखवितो, आणि ते खरेही आहे. पण हातून गेलेल्या बाजारापेक्षाही, न लिहिता गेलेले ज्ञान ही मोठी हानी होय. बाजार एखादे वेळी परत येतो. मेलेल्या माणसाबरोबर गेलेला हातचा अंदाज परत येत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, ज्या घरी अजून चाक फिरते अथवा फिरविणारे वडीलधारे हयात आहेत, त्या घरातील मुलामुलींनी या वर्षी एक वही घालावी. कोणत्या तळ्याची माती, कोणत्या महिन्यात काढावयाची, मिश्रण काय, आवा कसा रचावयाचा, सुगडे, माठ व रांजण यांच्या घडणीत काय फरक, अवजारांची घरगुती नावे कोणती, हे सारे आजोबा-आजींच्या तोंडून जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि खाली त्यांचे नाव व गाव घालावे. आपल्या ज्ञातिसंस्थेने अशा वह्या जमा करून त्यांतील निवडक भाग पुढील स्मरणिकांतून छापावा.

थापटण्याने टिचकी मारून मडके कच्चे की पक्के हे ओळखणाऱ्या गोरोबाकाकांची आपण लेकरे आहोत. त्यांची कीर्ती सातशे वर्षे टिकली, ती त्यांचे अभंग व आख्याने कोणी ना कोणी लिहून ठेविली म्हणून. मडके फुटते, खापर मातीस मिळते. लिहिलेले तेवढे मागे राहते. आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव मागे राहावे ही जबाबदारी आपली आहे.